रेडकांची सांज

त्रिशलाच्या हातात काहीतरी बिघडलंय, हे पदूआक्कांना कळलं ते भाकरीवरून. सुनेच्या हातची भाकरी त्या एकवीस वर्षं खात होत्या. पातळ, सगळीकडून सारखी, काठाला कुठं चीर नाही. दिवाळी सरली आणि ताटात पडणारी भाकरी एका अंगाला जाड यायला लागली. काठ उलायला लागले. चार दिवस आक्कांनी गप्प राहून खाल्ली. पाचव्या दिवशी विचारलं, तर त्रिशला म्हणाली, पीठ जुनं झालंय. आक्का उठल्या आणि डब्यातलं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. परवाच दळून आणलेलं पीठ होतं ते.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी शाल गुंडाळली, बसायचा पाट काखेत मारला आणि गोठ्यात जाऊन बसल्या. आठ म्हशी ओळीनं बांधलेल्या. पुढ्यात पेंड, भुसा. त्रिशला पहिल्या म्हशीखाली बसलेली होती, कपाळ तिच्या पोटाला टेकलेलं, बादली गुडघ्यांत. आक्कांनी डोळे मिटले. त्यांना बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. त्यांनी स्वतः जवळजवळ चाळीस वर्षं धारा काढल्या होत्या. दोन हातांच्या दोन धारांचा आवाज कसा एकाआड एक पडतो ते त्यांना ठाऊक होतं. इथं डाव्या हाताची धार भरदार पडत होती आणि उजव्याची अडखळत, मध्येच तुटत. त्यांनी डोळे उघडले. सुनेची उजवी मूठ वळतच नव्हती. अंगठा मुडपून ती सड दाबत होती. एक म्हैस संपली की उजवा हात ओला पिळा झटकावा तसा झटकत होती, आणि पुढच्या म्हशीखाली बसत होती.

"कवापास्नं?" आक्कांनी विचारलं.

"काय?"

"हात."

त्रिशलानं मान वळवली नाही. "श्रावणापास्नं. मुंग्या येत्यात. सकाळी उठलं की बोटं माजी न्हाईतच असं वाटतं. चालतंय की पर अजून."

जिनदत्तला सांगितलंस का, असं आक्कांनी विचारल्यावर ती म्हणाली, त्यांची कंबर काय कमी दुखते? तेही खरंच होतं. जिनदत्त, आक्कांचा एकुलता मुलगा, उसात फवारणीचा पंप पाठीवर घेऊन घेऊन पन्नाशीच्या आत वाकला होता. वैरण कापणं, शेण काढणं, दुधाचे कॅन मोटारसायकलला लावून डेअरीत नेणं हे त्याच्याकडं. पण धारा चौगुल्यांच्या घरात बायकांनीच काढायच्या, हे आक्कांच्या सासूच्या वेळेपासून चालत आलेलं.

आक्का सोळाव्या वर्षी या घरात आल्या तेव्हा गोठ्यात तीन म्हशी होत्या. कृष्णाकाठचं गाव, निम्मं जैनांचं. आल्या आल्या सासूनं त्यांना धार शिकवली, आणि त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट सांगितली. अष्टमीला आणि चतुर्दशीला सांजच्या वेळी या घरात कुणी बादली घेऊन म्हशीखाली बसत नाही. रेडकांची दावी सोडायची. चारही सड त्यांचे. महिन्यातून अशा चार सांजा यायच्या. पुण्याचं काम म्हणून पाळायचे, पण त्यात बायकांचंही एक पुण्य होऊन जायचं. त्या दिवशी दिस कलायच्या आत जेवणं उरकायची, हातपाय धुवायचे आणि बस्तीच्या, गावातल्या जैन देवळाच्या, पायरीवर जाऊन बसायचं. सासू खोबरेल तेलाची वाटी सोबत घ्यायची आणि सुनेचं एकेक बोट मुळापासून ओढून मोकळं करायची. कुणाच्या घरात काय शिजलं, कुणाच्या लेकीला कोण बघून गेलं, असलं बोलणं चालायचं. हातांना काही काम नसायचं. ते मांडीत नुसते पडून असायचे. आक्कांना अजूनही त्या पायरीचा गारवा मांडीखाली आठवतो.

ही रेडकांची सांज मोडली त्याला नऊ वर्षं झाली होती. मोडली कुणी, हे आक्कांना विचारायची कुणाला गरज नव्हती. गावातल्या डेअरीनं जाहीर केलं होतं की जे घर वर्षभर दोन्ही वेळचं दूध एकदाही खंड न पाडता घालील, त्या घरच्या बाईचा सत्कार होणार आणि डेअरीच्या कॅलेंडरवर तिचा फोटो छापणार. त्रिशला चुलीपाशी येऊन उभी राहिली होती. आत्ती, रेडकांच्या सांजेचं काय करायचं, म्हणाली. आक्कांच्या डोळ्यांपुढं कॅलेंडर आलं. त्या म्हणाल्या, रेडकांना रोज एक सड जादा सोडू, म्हणजे झालं. देवाला काय तारीख मोजायची हाय?

त्या वर्षी फोटो आला. शाल, नारळ, कॅलेंडरच्या जूनच्या पानावर त्रिशला. पुढच्या वर्षीही आला. म्हशी तीनाच्या पाच झाल्या, पाचाच्या आठ. शेजारची हरणाबाई गोठा झाडायला यायची. ती म्हणाली, मलाबी धारा शिकवा, वैनीला तेवढाच आधार. आक्कांनीच तिला म्हशीखाली बसू दिलं नाही. हात बदलला की म्हशी दूध चोरतात, असं त्या म्हणाल्या. आमच्या त्रिशलाच्या हाताशिवाय आमच्या म्हशी पान्हावतच नाहीत, हे त्या पाहुण्यारावळ्यांत अभिमानानं सांगायच्या. मधे जिनदत्तनं धारा काढायचं मशीन आणलं. दोन म्हशींनी लाथांनी ते गोठ्याबाहेर फेकलं. आता ते पेंडीच्या रिकाम्या पोत्यांखाली पडून होतं.

शहरात, विश्रामबागेतल्या डॉक्टरीणबाईंकडं त्रिशलाला नेलं ते मार्गशीर्षात. तरुण बाई होत्या. त्यांनी मनगटावर बोट वाजवलं, तसा त्रिशलानं श्वास ओढला. अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून पाहिला. मनगटातली नस आवळली गेलीय, म्हणाल्या, आणि मांस झिजायला लागलंय. महिन्याच्या आत ऑपरेशन करायचं. त्यानंतर दोन महिने धारेला हात लावायचा नाही. उशीर केला तर झिजलेलं परत भरून येईलच असं सांगता येत नाही. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "धारा काढल्या नाहीत असा शेवटचा दिवस कधी होता तुमचा?"

त्रिशलानं छताकडं पाहिलं. बोटं मोजायला उघडली आणि पुन्हा मिटली.  आक्कांना तो दिवस माहीत होता. नऊ वर्षांपूर्वीच्या फाल्गुनातल्या चतुर्दशीची सांज होती. त्या पिशवीचा बंद गुंडाळत बसल्या.

घरी येताना जीपमध्येच त्रिशलानं ठरवून टाकलं. डेअरीचं वर्ष मार्चअखेर संपतं. चार महिन्यांनी नववं वर्ष पुरं होईल. मग ऑपरेशन. जिनदत्त खिडकीबाहेर बघत होता. "तुज्या मनाचं कर," तो म्हणाला. आक्कांना वाटलं, त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

 दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांग बघून आक्कांनी सांगितलं, "उद्या चतुर्दशी हाय. उद्याची सांज रेडकांची. तू बस्तीत चल माज्यासंगं."

त्रिशला हसली. थकलेलं हसणं होतं ते. "कुठल्या रेडकांची, आत्ती?"

आक्का गोठ्यात जाऊन उभ्या राहिल्या. आठ म्हशींत दोन रेडकं होती, दोन्ही माद्या. बाकीची कुठं गेली हे काय त्यांना माहीत नव्हतं? नर रेडकू झालं की पंधरा दिवसांत एक माणूस टेम्पो घेऊन यायचा. त्या वेळी घरातलं कुणी गोठ्याकडं बघायचं नाही. पाण्यातला किडा मरू नये म्हणून कापडानं पाणी गाळून पिणारं हे घर, पण टेम्पो कुठं जातो हे कुणी विचारायचं नाही. आक्काही त्या वेळी आतल्या खोलीत माळ घेऊन बसायच्या. आज त्यांनी एकेक दावं मोजलं. सहा म्हशींना चाटायला पुढ्यात काही नव्हतं.

तरी त्या हटून बसल्या. चतुर्दशीच्या सांजेला दोन रेडकं सोडली. एकीनं तर पोट फुगेस्तोवर प्यायलं तरी आईचे सड मोकळे होईनात. बाकीच्या सहा म्हशी तशाच ठेवल्या. डेअरीत मात्र खंड नको म्हणून सकाळच्या धारेतलं राखून ठेवलेलं दोन लिटर जिनदत्त घेऊन गेला. त्रिशला बस्तीच्या पायरीवर आक्कांशेजारी बसली खरी, पण तिचं ध्यान तिथं नव्हतं. दिवेलागणीला गोठ्यातून एक म्हैस ओरडली, मग दुसरी, मग सगळ्या. पायरीपर्यंत आवाज येत होता. त्रिशला उठली आणि पदर खोचत घराकडं निघाली. आक्कांनी तिचा हात धरला. आपण ओलं फडकं धरलंय असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तो सोडला.

घरी जाऊन तिनं काढायला घेतलं, पण दोन म्हशी तोवर आखडल्या होत्या. सकाळी एकीच्या कासेला दगडी झाली. कास हाताला कढत आणि टणक, मागच्या सडातून दुधाच्या जागी गाठी आणि रक्त. जनावरांचा डॉक्टर आला, सुया झाल्या. दर दोन तासांनी पिळून काढा, कढत पाण्यानं शेका, म्हणाला. कुणी काढायचं? म्हैस दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देईना. चार दिवस त्रिशला तिच्या बुडाशी बसून होती. हिवाळ्याचा दिस सहाला मावळायचा, आणि दिस मावळल्यावर या घरात कुणी जेवत नाही. त्या चार दिवसांत तिच्या पोटात संध्याकाळचा घास गेला नाही. सड शेवटी गेलाच. आक्का दारातून बघत होत्या. एका सांजेचा विसावा द्यायला गेल्या आणि सुनेचा हात आणखी चार दिवस पिळून घेतला. ज्याला नऊ वर्षं दम खाऊ दिला नव्हता, ते एका दिवसात बसायला तयार नव्हतं. ना म्हशी, ना गोठा.

पौषात त्रिशलाच्या हातून चहाचा कप धरवेना. तेव्हा जिनदत्तनं न सांगता एक गोष्ट केली. सांजेला तो बायकोचं धारेचं जुनं लुगडं, शेणाचे डाग पडलेलं, पँटवरून नेसला, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हशीखाली बसला. जनावर वासानं ओळखतं, लुगड्याचा वास लागला तर फसेल, असं पूर्वी करायचे. आक्कांना हसू आलं नाही. त्याची कंबर बसताना कडकन वाजली ते त्यांनी ऐकलं. म्हशीनं मागं वळून पाहिलं, लुगडं हुंगलं आणि दोन धारा सोडल्या. तेवढ्यात फाटकाशी हंबीरराव आला. मळ्याशेजारचा, जिनदत्तच्या बरोबरीचा. विहिरीवरच्या मोटारीची चावी मागायला आला होता. त्यानं आत पाहिलं, तोंडावरची सुरकुतीही न हलवता चपला काढल्या आणि अदबीनं विचारलं, "वैनी, दादा घरात हाईत का?"

जिनदत्तचे कान लाल झाले. त्यानं वर पाहिलं नाही. हंबीरराव वाईट माणूस नव्हता. दोन दिवस त्यानं ही गोष्ट गावात सांगितली एवढंच. तिसऱ्या दिवशी डेअरीच्या रांगेत कुणीतरी जिनदत्तला पुढं सरका वैनी म्हणालं. त्या सांजेपासून लुगडं खुंटीवर राहिलं.

मग आक्का बसल्या. त्र्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांवर, अठरा वर्षांनी. कुणाला विचारलं नाही. सगळ्यांत म्हातारी म्हैस त्यांनी निवडली. तिच्या आईची धार त्यांनीच काढली होती. पाटावर टेकल्या, बोटांना तूप लावलं, कास धुतली, आणि तोंडानं पूर्वीसारखं हूं हूं करत राहिल्या. बराच वेळ काही नाही. मग कास सैल पडली. धार बादलीत अशी पडली की त्रिशला वैरणीच्या गंजीकडून धावत आली. एकाआड एक, भरदार, न तुटता.

आक्कांनी त्या सांजेला तीन म्हशी काढल्या. उठता येईना म्हणून दोघांनी काखेत हात घालून उठवलं. ओसरीवर बसवल्यावर त्रिशला त्यांचे हात पुसायला लागली आणि पुसता पुसता थांबली. तिनं आक्कांचा उजवा पंजा उलटा केला, शेजारी आपला ठेवला. म्हातारीच्या अंगठ्याखालची गादी भरलेली होती, कातडी सुरकुतलेली पण खालचं मांस जागेवर. बेचाळीस वर्षांच्या हाताला तिथं खळगा होता. तेल टाकलं असतं तर थेंबभर राहिलं असतं एवढा.

"तुमचा हात लय भरलेला हाय, आत्ती," त्रिशला म्हणाली.

"माजा हात बसत हुता, पोरी. म्हयन्यातनं चार सांजा."

 त्रिशलानं आपला पंजा पदराखाली घेतला.

अठरा दिवस आक्का रोज तीन म्हशी काढत होत्या. एकोणिसाव्या दिवशी डावा गुडघा सुजून मांडीएवढा झाला आणि त्यांना खाटेवरून उतरता येईना. माघ लागला होता. त्रिशला पुन्हा आठही म्हशींना लागली. आक्कांनी खाटेवरून जिनदत्तला सांगितलं, कडेगावच्या व्यापाऱ्याला बोलाव, पाच म्हशी आजच्या आज घालव. त्रिशला दाराआडून ऐकत होती. एकवीस वर्षांत ती सासूपुढं चढ्या आवाजात बोलली नव्हती. ती आत आली.

"नववं वरीस हाय. दोन म्हयने ऱ्हायलेत. माज्या हातानं मला गाव वळखतं, आत्ती. ह्या घरात माजं म्हणून काय हाय दुसरं? भिताडावरचे आठ फोटू सोडून दावा मला."

 व्यापाऱ्याला बोलावलं नाही.

फाल्गुन गेला. मार्च संपला त्याच्या तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. हाताला पट्टी बांधून त्रिशला घरी आली तेव्हा सहा म्हशी गेल्या होत्या. आता जिनदत्तनंच तो निर्णय घेतला होता, आणि त्यावर कुणी काही म्हणालं नाही. रेडकंवाल्या दोघी राहिल्या होत्या. त्यांच्या धारेला हरणाबाई यायला लागली. पहिले तीन दिवस म्हशींनी तिला लाथा मारल्या, दूध चोरलं. आठव्या दिवशी दोघी तिच्या हाताला पान्हावल्या. त्रिशला खांबाला टेकून बघत होती. पान्हा सुटताना त्रिशलाच्या हाताखाली म्हैस जसे डोळे अर्धे मिटायची, तसेच तिनं आता हरणाबाईच्या हाताखाली मिटले होते. त्रिशलानं तोंड फिरवलं आणि आत जाऊन झोपली.

सत्काराला ती गेली नाही. फोटो जुनाच छापला डेअरीनं.

वैशाखात पुन्हा विश्रामबागेला नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक कागद तिच्या अंगठ्यात आणि बोटात धरायला दिला आणि दुसरं टोक ओढलं. कागद सरळ निसटून आला. घट्ट धरा, म्हणाल्या. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी ओढला नाही. ठणका कमी होईल, झोप लागेल, त्या म्हणाल्या. मूठ मात्र पहिल्यासारखी येणार नाही. डाव्या हाताचं वेळेत करून घेऊ, तो वाचेल. त्रिशलानं लहान पोरासारखी मान हलवली.

घरी पोचले तेव्हा पाच वाजले होते. हरणाबाई धारा आटपून हौदावर बादली विसळत होती. जिनदत्त जीपमधून उतरतोय तोवर तिनं त्याला हाक मारली आणि हात धुता धुताच सांगितलं की रविवारची सांज ती येणार नाही. दर रविवारची. लेकीकडं जाते, नाहीतर नुसती घरात पडते, पण येणार नाही. आधीच सांगते, नंतर बोल नको. भांडणाचा सूर नव्हता. मीठ संपलंय म्हणावं तसं म्हणाली.

"बरं," जिनदत्त म्हणाला. "रविवारचं मी बगतो." आणि पिशवी घेऊन आत गेला.

त्रिशला जीपच्या दाराशी उभी होती. उजवा हात तिनं डाव्यात धरला होता, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा. आक्का काठी टेकत तिच्यापर्यंत आल्या. 

"एवढंच म्हणायचं हुतं व्हय, आत्ती?" त्रिशला म्हणाली.

आक्कांनी तिचं कोपर धरलं आणि तिला ओसरीच्या कट्ट्यावर बसवलं. आपणही शेजारी टेकल्या. हरणाबाईनं चूळ भरली, पदराला हात पुसले आणि ती रस्त्याला लागली. अजून ऊन होतं.